दारातच बदलला मोटारीचा एक्सल

शेतकऱ्याच्या घरात काही मोडले की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतात, "त्यात काय, मी करतो," आणि लगेच हातोडा शोधायला लागतात. दुसरे म्हणतात, "ते आपले काम नव्हे," आणि मेकॅनिकची वाट बघत दिवस घालवतात. नांगराचा फाळ, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार यांच्या बाबतीत आपण बहुतेक पहिल्या प्रकारात मोडतो. दारात चारचाकी आली की मात्र दुसऱ्या प्रकारात जातो. आमच्या घरात दोन्ही प्रकारची माणसे आहेत, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांची चांगलीच जुंपली. त्यातून जे शिकायला मिळाले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे गाव नीरा नदीच्या काठचे, उसाचे. सासूबाईंची मूत्रपिंडे दोन वर्षांपूर्वी थकली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांना डायलिसिससाठी अकलूजला न्यावे लागते. बावीस किलोमीटर जाणे, चार तास यंत्राला, आणि पुन्हा बावीस किलोमीटर येणे. यंत्रावरून उठलेले माणूस इतके गळून गेलेले असते की एसटीच्या पायऱ्या चढणे म्हणजे गड चढण्यासारखे. म्हणून नणंदेच्या घरची जुनी छोटी मोटार आम्ही घेतली. लोक म्हणतात, यांच्या दारात गाडी आली. आम्ही मात्र ती सासूबाईंच्या औषधातच धरतो.

एका सोमवारी परत येताना फाट्यावर वळण घेतले आणि पुढच्या डाव्या चाकातून कट्‌ कट्‌ कट्‌ असा आवाज आला. मोटार सरळ झाली की आवाज बंद. पुन्हा गल्लीत वळवली की पुन्हा कट्‌ कट्‌. माझा धाकटा मुलगा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने घरी येताच चाक पूर्ण वळवून ठेवले, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि म्हणाला, "आई, बूट फाटलाय. बघ, रिंगच्या आतून सगळे ग्रीस उडालेय."

मला वाटले, कोणाचा बूट? मग त्याने दाखवले. चाकाच्या मागे, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची एक रबरी टोपी असते, तिलाच बूट म्हणतात. जुने रबर, त्यात उसाच्या फडातून काढलेली वाट. तोडणी झाल्यावर राहिलेल्या खोडक्या भाल्यासारख्या उभ्या असतात. त्यातल्या एखादीने घडीत भोक पाडले असावे. भोकातून ग्रीस बाहेर गेले आणि मुरुमाची बारीक धूळ आत गेली. ग्रीस आणि धूळ मिसळली की ते वंगण राहत नाही, धार लावायच्या दगडासारखे काम करते. आतला सांधा त्यानेच खाल्ला होता.

हा सांधा कशासाठी, हे मुलाने ज्या रीतीने मला समजावले त्याच रीतीने सांगते. जुन्या काळच्या अँबॅसेडर, पद्मिनी आणि जीप या गाड्यांना इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळे. पुढची चाके नुसती वळण्यापुरती. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचेही तेच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी मोटार आपल्याकडे साध्या घरांतून दिसू लागली. आता बहुतेक लहान मोटारी तशाच असतात. बैल जसे गाडी पुढून ओढतात, तशी ही पुढची चाके मोटार ओढतात. पण बैल वळतो तेव्हा जू आणि साठी सैलपणे वळतात. इथे फिरणाऱ्या लोखंडी दांड्यालाच वळावे लागते. फिरतही राहायचे आणि वाकायचेही, ही त्यातली अवघड गोष्ट आहे.

रोटावेटरच्या शाफ्टला जो फुलीचा जॉइंट असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. शाफ्ट सरळ असला की तो गोडीने फिरतो. रोटावेटर फार वर उचलला की खडखड करतो. कारण वाकलेल्या अवस्थेत त्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. मोटारीच्या चाकाला असे हिसके चालणार नाहीत, सुकाणू हातात थरथरेल. फोर्ड कंपनीतल्या अल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात यावर तोडगा काढला. एका वाटीत खोबणी, खोबणीत सहा पोलादी गोळ्या, आणि गोळ्या सांभाळायला एक पिंजरा. दांडा कितीही वाकला तरी गोळ्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून चाक एकसारख्या वेगाने फिरते. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या मिनी या छोट्या मोटारीत हाच सांधा होता, आणि आमच्या दारातल्या मोटारीतही त्याच जातीचा आहे. गोळ्यांच्या खोबणी झिजल्या की पूर्ण वळणावर गोळी उडी मारते. तो आमचा कट्‌ कट्‌.

अकलूजच्या गॅरेजवाल्याला फोन केला. माणूस भला, पण त्याच्याकडे दहा गाड्या उभ्या होत्या. आठ दिवसांनी आणा म्हणाला. गुरुवारी सकाळी सात वाजता सासूबाईंची पाळी. मुलगा म्हणाला, "मी आणि काका मिळून बुधवारी दारातच बदलतो."

आमच्या ह्यांचा आवाज चढला. "ज्या गाडीत माझी आई बसणार, तिच्यावर तू हात शिकणार का?"

भावोजी ट्रॅक्टरची सगळी कामे घरीच करतात. ते शांतपणे म्हणाले, "दादा, गाडी अशीच चालवली आणि सांधा मध्येच मोडला तर आई रस्त्यावर बसेल. करायचे तर नीट करू. तुम्ही अटी घाला."

ह्यांनी अटी घातल्या. कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक समोर ठेवल्याशिवाय नटाला हात लावायचा नाही. जॅकच्या भरवशावर कोणी मोटारीखाली हात-पाय घालायचा नाही. आणि काम झाल्यावर आधी मी स्वतः चालवणार, मगच आई बसणार. सासूबाई ओसरीवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या अटी लग्नातही घातल्या नव्हत्या रे तू." सगळे हसले आणि काम ठरले.

मंगळवारी मुलाने संस्थेतल्या शिक्षकांकडून पुस्तक आणले, बाजारातून नवा एक्सल, नवा हबनट, स्प्लिट पिन आणि गिअर ऑइल आणले. नुसता बूट बदलून भागते का, हे मी विचारले. तो म्हणाला, आवाज यायच्या आधी बूट फाटलेला दिसला असता तर सांधा धुऊन, नवे ग्रीस भरून, नवा बूट चढवून भागले असते. आवाज आला म्हणजे खोबणी खाल्ल्या गेल्या, आता अख्खा एक्सल. बुटाची किंमत शेकड्यांत, एक्सलची हजारांत. रात्री हबनटाच्या आट्यांवर थोडे डिझेल सोडून ठेवले, म्हणजे गंज सैल होतो.

बुधवारी सकाळी सहालाच सुरुवात केली. खळ्याची जमीन सपाट आणि टणक, म्हणून मोटार तिथे लावली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावले. माझ्याकडे दोन कामे. एक, गाडीत बसून ब्रेक दाबून धरणे. दुसरे, निघालेला प्रत्येक नट-बोल्ट सांभाळणे. त्यासाठी मी जुना मसाल्याचा डबा घेतला. सात वाट्या, सात पायऱ्या. पहिल्यांदा निघाले ते पहिल्या वाटीत, आणि वहीत लिहून ठेवायचे की कुठून काय काढले. जोडताना उलट्या क्रमाने जायचे. संध्याकाळी एकही बोल्ट उरला नाही आणि एकही कमी पडला नाही, हे त्या डब्याचे श्रेय.

हबनट मोटार जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो. वर उचलल्यावर जोर लावला तर मोटार टेकूवरून सरकायची भीती. मी ब्रेक दाबला. भावोजींनी पान्याला लांब पाइप लावला, तेव्हा कुठे कुरकुरत नट हलला. मग जॅक लावून पुढची बाजू उचलली आणि दोन्हीकडे लोखंडी घोड्या दिल्या. निघालेले चाकही दाराच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवले. काही दगा झालाच तर मोटार चाकावर बसेल, माणसावर नाही. पुष्कळ ठिकाणी विटांचा थर देतात. वीट दाबाने अचानक फुटते. तिच्यावर मोटार कधी ठेवू नये.

खाली पत्र्याचा डबा ठेवून गिअरबॉक्समधले तेल काढून घेतले, नाहीतर एक्सल निघताच ते खळ्यात सांडले असते. मग खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला. त्यामुळे हब ज्या ओतीव भागात बसतो, ज्याला मेकॅनिक नकल म्हणतात, तो बाहेर ओढता आला. इथे ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ द्यायचा नाही. एक्सलचे टोक हबमध्ये गंजून धरलेले होते. मुलाने जुना नट टोकापर्यंत परत चढवला, त्यावर लाकडी ठोकळा धरला आणि मगच ठोके दिले. उघड्या आट्यांवर हातोडा मारला तर त्या चेपतात.

आतले टोक गिअरबॉक्समध्ये तारेच्या एका बारीक कडीने अडकलेले असते. भावोजींनी दांडा दोन्ही हातांनी धरला तसा मुलगा ओरडला, "काका, दांडा ओढू नका! ओढला तर आतला सांधा सुटेल आणि कडी तिथेच राहील." सांधा आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये चपटी लोखंडी पट्टी घालून त्याने हलकेच उचकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टक्‌ झाले आणि एक्सल मोकळा. तिथली तेलाची रबरी सील पट्टीने फाटणार नाही, याकडे सगळे लक्ष. उघड्या भोकाला लगेच धुतलेले फडके लावले. एका वेळी एकाच बाजूचा एक्सल काढायचा, कारण काही गाड्यांत दोन्ही काढले तर आतले दाते जागा सोडतात.

आता जुना आणि नवा एक्सल पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत शहाणपणाची पायरी. लांबी जुळली. आतले टोक जुळले. बाहेरच्या टोकाचे दाते मात्र मला जरा बारीक वाटले. मी खडूने एका दात्यावर खूण केली आणि मोजायला बसले. तांदूळ निवडायची सवय असलेल्या डोळ्यांना हे काम अवघड नाही. नव्याला तीन दाते जास्त निघाले. मुलाने मोजले, भावोजींनी मोजले, तीनच जास्त. हबमध्ये तो शिरणारच नव्हता.

साडेदहा वाजले होते. मोटार घोड्यांवर, गिअरबॉक्स उघडा, आणि गुरुवार सकाळ वीस तासांवर. एक्सलशिवाय हबवर मोटारीचे वजन टाकून तिला हलवताही येत नाही, चाकाचे बेअरिंग खराब होते. कोणी काही बोलेना. आता ह्यांचा राग उफाळणार असे मला वाटले. हे उठले, जुना आणि नवा दोन्ही एक्सल पोत्यात गुंडाळले आणि मोटारसायकलला बांधत म्हणाले, "जुना बरोबर असला की दुकानदाराला बोलायला जागा राहत नाही." दुकानदाराने वाद न घालता बदलून दिला. त्या मॉडेलमध्ये मधल्या वर्षात दाते बदलले होते, असे त्याचे म्हणणे. ह्यांनी दुकानातच दोन्हीचे दाते मोजून घेतले. दीड वाजता परत आले ते हातात पोते आणि चेहऱ्यावर हसू घेऊन. तिथून पुढे हेही कामात उतरले.

जोडणी म्हणजे सगळे उलट्या क्रमाने. सीलच्या ओठाला गिअर ऑइलचे बोट लावले आणि एक्सल सरळ रेषेत आत ढकलला, टक्‌ आवाज येईपर्यंत. मग सांध्याला धरून हलका हिसका दिला. सरकला नाही म्हणजे कडी बसली. बाहेरचे टोक हबमध्ये घातले, बॉल जॉइंट बसवला, चाक लावले, मोटार खाली घेतली.

राहिला हबनट. चाकाचे बेअरिंग त्याच नटाच्या दाबावर सांभाळलेले असते. सैल राहिला तर बेअरिंग जाते. अंदाजाने फार आवळला तरी नुकसान. आमच्या पुस्तकात १७५ न्यूटन-मीटर लिहिले होते. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तो आपापल्या पुस्तकात बघावा. एवढे मोजणारा पाना घरी नव्हता. मुलाने हिशेब केला: नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर सुमारे अठरा किलोचा ओढ दिला की तेवढाच जोर होतो. कांद्याची पिशवी तोलायचा आकड्याचा काटा घरात होताच. पान्याच्या पाइपवर मीटरची खूण केली, तिथे काटा अडकवला आणि भावोजींनी पाइपाला काटकोनात, सावकाश ओढला. मी ब्रेक दाबलेला, आणि हे काट्याकडे बघत, "पंधरा... सोळा... सतरा... अठरा, बस." मग स्प्लिट पिन घालून तिची टोके वळवली. तरी दुसऱ्या आठवड्यात आयटीआयमधल्या खऱ्या पान्याने तो तपासून घेतला, तो बरोबर निघाला. ज्यांना पाना उसना मिळेल त्यांनी पानाच वापरावा.

शेवटी गिअरबॉक्समध्ये नवे तेल बाजूच्या भोकाच्या पातळीपर्यंत भरले. जुने तेल डब्यात बंद करून ठेवले. ते बांधावर ओतायचे नाही, माती आणि विहीर दोन्ही नासते.

ठरल्याप्रमाणे ह्यांनी मोटार खळ्यात काढली. सुकाणू पूर्ण डावीकडे करून दहा फेऱ्या, पूर्ण उजवीकडे करून दहा फेऱ्या. आम्ही सगळे काना-डोळ्यांनी चाकाशी. नुसता टायरखाली मुरूम चुरडल्याचा आवाज. मग फाट्यापर्यंत जाऊन आले, ब्रेक मारून बघितले. रात्री गिअरबॉक्सखाली जुने वर्तमानपत्र अंथरले. सकाळी ते कोरडे होते, म्हणजे सील शाबूत. चाकाचे नट पुन्हा आवळून बघितले आणि गुरुवारी सव्वासहाला सासूबाईंना बसवले. त्यांनी फाट्याच्या वळणावर कान दिला आणि म्हणाल्या, "गप झाली की रे ही." ह्यांनी काही उत्तर दिले नाही, पण मुलाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवलेला मी आरशात पाहिला.

मजुरीचे पैसे वाचले हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा की मोटारीची भीती गेली. आता घरातल्या चौघांना तिचा आवाज कळतो. मी स्वतः दर महिन्याला चाके पूर्ण वळवून दोन्हीकडचे बूट बघते. घड्यांमध्ये चीर दिसते का, रिंगच्या आतून काळे शिंतोडे आहेत का, एवढेच बघायचे. दोन मिनिटांचे काम. चीर दिसली की त्याच आठवड्यात बूट बदलून घ्यावा, आणि त्यात बैलगाडीच्या आसाला लावायचे साधे ग्रीस न भरता बुटाबरोबर मिळणारे काळसर ग्रीसच भरावे. फडातली वाट टाळता येत नसेल तर निदान खोडक्या बुडातून छाटून घ्याव्यात.

आणि हे वाचून कोणी लगेच जॅक घेऊन धावू नये. काम जाणणारा एक तरी माणूस, मोटारीचे पुस्तक, भक्कम घोड्या आणि पुरेसा वेळ, या चारांतले एक जरी नसेल तर मोटार मेकॅनिककडेच न्यावी. त्यात कमीपणा काही नाही. चारही असतील तर मात्र दारातच करावे, आणि करताना घरातल्या बायकामुलांना बाजूला सारू नये. दाते मोजायला आणि ब्रेक दाबायला त्यांचीही गरज लागते.